भावोजींनी हवा बंद केली

महाड-पोलादपूरच्या मातीत तेलाचा थेंब सापडत नसताना तेलाखेरीज दुसऱ्या कशावरही न बोलणारा एकच माणूस इथे होऊन गेला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी. गुजरातेतल्या तेलविहिरींवरची नोकरी सुटल्यावर एकोणीसशे ऐंशीच्या आसपास ते महाडला आले, ते डोक्यात एकच गोष्ट घेऊन. विहीर थकली तरी बरंच तेल खाली दगडातच अडकून राहतं. तेल पातळ असेल आणि वरून दाबाने हवा भरली, तर खोलवरच्या उष्णतेने त्यातलं थोडं आपोआप जळतं आणि त्याचा धूर उरलेल्या तेलाला पुढे रेटतो. लग्नघरात आचाऱ्याचा स्टोव्ह भडकला, तर हे अक्षता हातात घेऊन तिकडे धावत आणि त्याला हेच समजावत. एकदा सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून त्यांनी नाते गावच्या एका म्हाताऱ्याला धरलं. सगळं ऐकून म्हातारा म्हणाला, "विंजनेरसायेब, खाली आग लावल्यावर वर उभा कोन ऱ्हानार?"

"मी," भावोजी म्हणाले.

"मंग तुमच्या बायकोला इचारलाव काय?"

अख्खं कुंड हसलं. सर्वांत मोठ्याने भावोजी.

गावात मात्र समज असा, की त्यांनी विहीर उडवली म्हणून त्यांना काढून टाकलं. ती हकिकत रंगवून सांगण्यात मी पुढे होतो. खरं काय ते भावोजींनी मला आधीच सांगितलं होतं. गुजरातेत एका विहिरीत अशी हवा भरणं चालू असताना शेजारच्या विहिरीतून तेलाबरोबर येणाऱ्या वायूत प्राणवायू दिसू लागला होता. म्हणजे हवा जळून न संपता कुठल्याशा फटीतून थेट तिथवर पोचली होती, आता स्फोटाला एक ठिणगी पुरे होती. साहेब म्हणाले, चालू ठेवा. भावोजींनी तिथल्या तिथे हवा बंद केली. वर्षानुवर्षं मागे लागून मिळवलेला प्रयोग त्यांच्याच हाताने संपला, आणि मग नोकरीही गेली.

पुढे महाडच्या एका नव्या कारखान्यात हवेच्या यंत्रांवर देखरेखीला माणूस हवा होता. भावोजींनी फार आशेने अर्ज केला. तिथल्या मॅनेजरने मला विचारलं, "विहीर उडवणारे ते हेच का हो?" मी नुसता हसलो. ती नोकरी हुकली. "अरे, बरोबर आहे त्यांचं," भावोजी मलाच समजावत म्हणाले, "असा माणूस मीही ठेवला नसता."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा चहाच्या दुकानात एकजण तीच हकिकत सांगत होता, माझ्याच शब्दांत. मी म्हटलं, "विहीर उडालीच नव्हती."

"मग मजा काय राहिली, काका?"

"मजा नाही राहत," मी म्हटलं. "त्या संध्याकाळी विहिरीवरची सगळी माणसं घरी जेवायला गेली, एवढंच."