रेवणप्पाची मुखेडला बदली

उदगीरच्या कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या रामकिशनने जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता, पण नवजवान क्लबची एकही मॅच चुकवली नव्हती. त्या साली क्लब पाचही मॅच हरला. शेवटच्या मॅचला गोलकीपर रेवणप्पाने सहा गोल खाल्ले. सहावा झाला तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता.

मग उन्हाळा लागला. पावसाने आधीच दगा दिलेला, विहिरी आटलेल्या, मैदानाला हातभर भेगा. खेळाडू दिवसभर हॉटेलात चहा पीत बसायचे. लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं. रामकिशनच्या मनात आलं, आता हरायला उस्मानाबादपर्यंत जायला नको, घरच्या जिल्ह्यातच सोय झाली. पण त्याआधी संघाची डागडुजी केलेली बरी. त्याने कचेरीच्या थाटात मसुदा केला आणि हॉटेलात उभं राहून खणखणीत वाचला.

"विषय, संघाची सुधारणा. कॅप्टन मल्लिकार्जुन यांना समोरचा गोल कोणता, ते लेखी कळवावे. गोलकीपर रेवणप्पा यांची मुखेडच्या संघात बदली करावी व मोबदल्यात पाण्याचा एक टँकर घ्यावा."

हॉटेल हसून लोळलं. रेवणप्पाही हसला, आणि घरी जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई नीलाबाई थेट कचेरीत हजर. रामकिशनला वाटलं, आता चप्पल निघती.

"का रं रामकिशन, माझ्या लेकाला टँकरच्या बदल्यात द्यायलास म्हणं?"

"अव्वा, थट्टा केली व्हती."

"ते ऱ्हाऊ दे. एकच टँकर? सहा फूट पोरगं हाय माझं. दोन घे!"

संध्याकाळी गल्लीतल्या बायका घागरी घेऊन रामकिशनच्या दारात. मुखेडचा टँकर कवा येतोय? थट्टा होती म्हणताच एक जण कडाडली, "पाण्याची थट्टा करतोस व्हय रं?" त्या घोळक्यात त्याची स्वतःची बायको गुणाबाईही रिकामी घागर घेऊन उभी होती.

रामकिशन वरमला. रोज गावोगावच्या अर्जांवर शिक्के मारायचा, पण आपल्या गल्लीसाठी एक अर्ज लिहायचं त्याला सुचलं नव्हतं. ओट्यावर बसून त्याने तिथल्या तिथं अर्ज लिहिला, बायकांचे अंगठे घेतले आणि सकाळी स्वतः साहेबांपुढं नेऊन ठेवला. आठव्या दिवशी गल्लीत टँकर आला.

त्याच दुपारी कामानिमित्त तो एसटी स्टँडवर गेला, तर तिथं नीलाबाई. शेजारी वळकटी, वळकटीवर रेवणप्पा.

"टँकर आला न्हवं? मग शब्दाला जागाय नको?" नीलाबाई म्हणाली. "मुखेडची गाडी कवा हाय?"

"अव्वा, टँकर सरकारचा हाय, मुखेडचा न्हाई!"

नीलाबाईने लेकाला वळकटीवरून उठवलं.

"मग सरकारला दे त्याला. नोकरी तरी लागंल."

दोघांना परत घरी आणायला दोन चहा आणि तासभर समजूत लागली. रेवणप्पा जरा हिरमुसलाच. मुखेडात आपली कुणाला तरी गरज आहे, असं त्याला मनापासून वाटू लागलं होतं.

पावसाळ्यात लातूरला जिल्ह्याची पहिली मॅच झाली. नवजवान क्लब चार विरुद्ध एक असा हरला. पण रेवणप्पाने दोन बॉल असे झेप घालून अडवले, की रामकिशन ओरडून ओरडून घसा बसवून आला आणि चार दिवस कचेरीत हातवाऱ्यांनी बोलत होता.