तंजावूरची न वाचलेली वही

पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं तिकीट कोणी तीन वर्षं जपत नाही. मी जपलंय. आमचे हे मला रोज पुस्तक वाचून दाखवायचे, मी समोर बसून भाजी निवडायची. शेवटची कादंबरी दोनशे बाराव्या पानावर थांबली, कारण हेच थांबले. त्यानंतर ते पुस्तक मी उघडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, मी परक्या घरातल्या एका वहीसाठी कराडहून तंजावूर का गाठलं ते कळेल.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले आणि त्याबद्दल याच सदरात लिहिलं. तेवढ्यावरून तंजावूरहून गौरीअक्कांचा फोन आला. अक्का सत्त्याहत्तर वर्षांच्या, तमिळ शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घरात मराठी बोलतात, पण देवनागरीसुद्धा वाचता येत नाही, मग मोडी कुठली यायला. त्यांच्या देवघरात एक जुनी मोडी पोथी होती. ती त्यांच्या वडिलांच्या आत्याने, कृष्णाआत्यांनी, लिहिलेली. अक्का पाच वर्षांच्या होत्या तेव्हा आत्या त्यांना मांडीवर घेऊन नावाड्याच्या मुलीची गोष्ट वाचून दाखवायच्या. मुलगी पुरात नाव घेऊन निघते, आणि तिथे अक्कांना झोप लागायची. मग आत्याच गेल्या. गोष्टीचा शेवट त्या पोथीत असणार, असं अक्का आयुष्यभर धरून बसलेल्या. दिवाळीनंतर त्या कोइमतूरला मुलीकडे कायमच्या जाणार होत्या. मुलगी म्हणत होती, पोथी ग्रंथालयाला देऊन टाक.

"फोटो पाठवा की," मी म्हणाले होते. एक फोटो आला. पहिलं पान. हळद, कुंकू आणि तेल यांतून अक्षर शोधून दाखवणाऱ्याला मी बक्षीस दिलं असतं. मग ठरवलं, स्वतःच जाऊन वाचावी.

पुण्याहून चेन्नई आणि तिथून सकाळच्या गाडीने तंजावूर, सहा-साडेसहा तास. खिडकीची जागा मिळवाच. विलुपुरम गेल्यावर बाहेर हिरवं दाटत जातं आणि कावेरीचे कालवे भेटायला लागतात. दसऱ्याच्या दिवसांत आरक्षण दोन महिने आधी करा, नाहीतर माझ्यासारखं परतीचं तिकीट मिळेल त्या दिवसाचं घ्यावं लागतं. मी नवमीला दुपारी पोहोचले, परतीची गाडी दशमीला दुपारी. एवढा वेळ एका पोथीला पुष्कळ, असा माझा हिशोब.

जुन्या बसस्टँडजवळच्या लॉजवर पिशवी टाकली, केळीच्या पानावर जेवले (भात संपायच्या आत वाढतात, हात आडवा धरायची तयारी ठेवा) आणि रिक्षाने अक्कांकडे गेले. रिक्षाचे पैसे बसण्याआधी ठरवा.

"ये की गे, मंदा," दारातच अक्का म्हणाल्या. ठेंगण्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. बैठकीत पायऱ्यांवर नवरात्रीच्या बाहुल्या मांडलेल्या. मी पाय धुऊन, चष्मा पुसून तयार. "कुठे आहे पोथी?"

अक्कांनी आधी मला खाली बसवलं. "आज सरस्वतीपूजा. पुस्तकं अस्क पूजेंत ठेवलीं अहेत. आज हात लावाचा नाही. उद्या सकाळीं उघडाचं."

'अस्क' म्हणजे सगळी. त्यांच्याकडे नवमीला पुस्तक वाचत नाहीत, हे मला कुठे माहीत? आपल्याकडे पाटीपूजन दसऱ्याला, तेवढ्यावरच मी निघाले होते. बाहुल्यांपलीकडे पाटावर पांढऱ्या कापडाखाली तो उंचवटा दिसत होता, पुढे चुरमुरे आणि डाळवं. मी हरभऱ्याची सुंदल (आपली कोरडी उसळच) खाल्ली, पितळी पेल्यातली कॉफी प्यायले आणि मनातल्या मनात चरफडले.

राजवाड्यातलं ग्रंथालय तरी पाहावं म्हटलं, तर सुट्टीमुळे बंद. तुम्ही हे दिवस टाळा. मग मोठ्या देवळात गेले. तिथे भिंतीवर मराठी मजकूर कोरलाय, ओळीच्या ओळी, दगडात. तीनशे कोसांवर आपली अक्षरं भेटल्यावर मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. शेजारी एक कुटुंब मराठीतच बोलत होतं, आणि त्यातली कॉलेजातली मुलगी भिंतीकडे न बघता पुढे गेली. इथल्या मराठी राजांनी स्वतःची वंशावळ दगडात कोरून ठेवली. घरातल्या बायका काय वाचत होत्या, ते कोण कोरणार? तिथल्या पायरीवर बसून मला आमच्या ह्यांची फार आठवण आली. ह्यांनी तो मजकूर मोठ्याने वाचला असता, आणि लोक बघतायत म्हणून मी त्यांना गप्प केलं असतं.

दशमीला सकाळी साडेसहाला मी अक्कांच्या दारात. आंघोळ करून त्यांनी कापड उचललं. पूजेतलं पुस्तक दशमीला थोडं तरी वाचूनच ठेवायचं, अशी तिथली रीत. वडिलांचं सांगत अक्का म्हणाल्या, "अप्पा एक पान उलटायचे, थोडा वेळ गप्प बसायचे, मग मिटायचे. कोणास वाचाला येना. त्यांच्या मागून मीही तसंच करतें."

मी वाचायला बसले. मोडी भरभर येत नाही मला. पहिली पानं कुंकवाने गेलेलीच होती. पुढे अक्षर लागायला लागलं, आणि अर्ध्या तासात मी पानं मागेपुढे उलटून पाहायला लागले. पोथीचं नाव, अध्याय, कोणाकडून आणली, ऐकायला कोण बसलं. पुन्हा पोथीचं नाव, अध्याय.

"अक्का, ही पोथी नाही. आत्यांनी जे जे वाचलं, त्याची नोंद आहे ही."

"मणजे गोष्ट नाही?"

"नाही."

अक्कांनी एका बाहुलीचा पदर सरळ केला. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. मग अक्का म्हणाल्या, "वाच. जें अहे तें वाच. आज वाचाचाच दिवस."

मग मी मोठ्याने वाचत गेले. 'शेजारची पोथी. अध्याय सहावा. ऐकणार तिघी. लक्ष्मी मधेंच उठून गेली.' अक्का हसल्या. 'दिव्याचें तेल सांडलें. पान खराब, दोष माझा.' 'डोळे दुखतात. चार ओळीच.' जिला कोणी काही विचारलं नसेल, अशी बाई वर्षानुवर्षं स्वतःचं वाचन लिहून ठेवत होती. दहा वाजून गेले. माझं लक्ष घड्याळाकडे, आणि पानं संपत आलेली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मी थांबले.

"काय गे?"

"ऐका. 'गौरीस नावाड्याच्या मुलीची गोष्ट सांगितली. निजली. शेवट उद्यां.'"

त्याखालची ओळ तीच. तिसरीही तीच. पानावर सात वेळा. पुढची पानं कोरी.

"गोष्ट पुस्तकांतली नव्हती?"

"सांगितली, असं लिहिलंय. वाचली नाही."

"मी मांडीवर. हातांत ही वही. मज वाटलं, वाचतात." अक्कांनी बोट पुढे केलं. "माझं नाव कुठलं?" मी दाखवलं. त्यांनी बोट तिथेच टेकवून ठेवलं. "पोरीनं निजाला नको होतं," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मग त्यांनी शाळेची जुनी वही काढली. मी एकेक नोंद सांगितली आणि त्यांनी ते मराठी तमिळ अक्षरांत उतरवून घेतलं. गाडीच्या वेळेपर्यंत बारा पानं झाली. "ग्रंथालयास नंतर देईन. आधीं मी वाचीन," दारात त्या म्हणाल्या. डब्यात दहीभात दिला, त्यात आलं होतं.

घरी आल्यावर कौतुक, फोटो, गुडघ्याला शेक, सगळं झालं. तंजावूरला काय पाहिलं म्हणून लोक विचारतात, मी देवळाचं सांगते. रविवारी दुपारी अक्कांचा फोन आला. "तू काय वाचतेस अत्तां?"

काहीच नाही, म्हणाले. मग कसं कोण जाणे, तिकिटाचं सांगून बसले. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं.

"आण तें पुस्तक," अक्का म्हणाल्या. "मज वाचून दाखव."

पान दोनशे बारा. पहिल्या दोन ओळी मी नीट वाचू शकले नाही. मग आवाज लागला. अक्कांना सगळं मराठी कळत होतं असं नाही, पण मधेमधे "हं" म्हणत होत्या. दोनशे सोळाव्या पानावर "हं" यायचं थांबलं. मी हाक मारली. पलीकडून फक्त संथ श्वास ऐकू येत होता.

फोन हळूच ठेवला. तिकीट दोनशे सोळावर सरकवलं. कपाटातून कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर मोडीत लिहिलं: गौरीअक्कांस वाचून दाखविलें. निजल्या. शेवट उद्यां.