पाटाच्या पाण्यात आलेला खंडोबा

आधीच सांगून ठेवतो, देव-भूत-चमत्कार यातलं काहीएक मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हतो, आज म्हातारपणीही नाही. तुमच्या सदरात लोक लिहितात, 'आणि त्या दिवसापासून माझी श्रद्धा बसली...' माझी बसलेली नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि त्याचं लॉजिक मला अजून लागलेलं नाही.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लढाई चालू होती, रॉकेल मिळायचीही मारामार. गाव देवळाली प्रवरा, घरचा ऊस, पाटाचं पाणी. बायको बाळंतपणातच गेली, मागे राहिली यमू. तिला माझ्या आईनं वाढवलं. पोर नुकती घरभर पळायला लागली होती, तोच तापानं फणफणली. नगरचा डॉक्टर झाला, औषधं झाली, आईनं खंडोबाला नवस बोलला, भंडारा लावून लावून तिचं कपाळ पिवळं केलं... पोर गेली ती गेलीच.

चार दिवसांनी आई नेहमीसारखी देव धुवायला बसली आणि माझं डोकंच फिरलं. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक उचलला — टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला घोड्यावरचा देव, तळहातात मावेल एवढा. यमूच्या पायातले वाळे घेतले. दोन्ही एकाच फडक्यात घट्ट बांधलं आणि भर दुपारी गावाखालच्या नदीच्या डोहात भिरकावलं. "एवढं खाल्लंस, हेबी खा!" म्हणून ओरडलो. मला त्याचा पश्चात्ताप नाही, कधी झालाही नाही.

आई रडली नाही, भांडली नाही. गाठोडं बांधलं. "ज्या घरात देव न्हाई तिथं मी न्हाई. चालले बेलापूरला, लेकीकडं."

"जा की! माझं काय अडत न्हाई!"

अडत होतं हो. घर खायला उठायचं. पण जाऊन पाय धरायचे? छट्!

मग पाटाची पाळी आली. लख्ख ऊन होतं. उसाच्या सरीत पाणी वळवायला वाकलो, तर चिखलात बोटांना काहीतरी चपटं लागलं. धुऊन पाहतो तो... खंडोबा! कोपऱ्यावर बारीक दातांचे व्रण. दात येताना मी तो चावला होता, आई येईल-जाईल त्याला ते व्रण कौतुकानं दाखवायची. म्हणजे तोच टाक.

आता ऐका. आमचा पाट नदीतून निघतो तो कितीतरी वर, बंधाऱ्यापाशी. मी टाक फेकला खाली. पाणी काय उलटं चढतं? चांदी काय तरंगते? कुणी बुडी मारून काढला म्हणावा, तर काठावर माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. आईलासुद्धा मी जागा सांगितली नव्हती.

मी काय केलं असेल? गुडघ्यांवर बसून वेड्यासारखा चिखल चाळला. वाळे शोधत होतो. फडकं एक, गाठ एक... सगळी सरी उकरली, शेजारची उकरली, पाणी भलतीकडेच फुटून गेलं. वाळे नव्हते.

तसाच चिखलाच्या पायांनी बेलापूर गाठलं. आई बहिणीच्या अंगणात डाळ निवडत होती. तिच्या सुपात टाक ठेवला आणि सगळं सांगितलं. वर म्हणालो, "हा घे तुझा देव. मी हात जोडनार न्हाई. यायचंच हुतं तर पोरीचे वाळे घिऊन यायचं. येकलाच कसा आला?"

वाटलं, आता ही कानाखाली वाजवणार. तिनं टाक पदरानं पुसला, दातांच्या व्रणांवरून बोट फिरवलं.

"नगं जोडू," म्हणाली. "चल घरी. भाकरी कोन करून घालतंय तुला?"

आई पुढे बरीच वर्षं जगली. रोज सकाळी ती देव धुवायची आणि मी मुद्दाम पाठ करून बसायचो. धुताना ती पुटपुटायची. मी म्हणायचो, चाललाय हिचा जप. एकदा तांब्या द्यायला जवळ गेलो, तेव्हा नीट ऐकलं. टाक हातात घट्ट धरून, डोळ्याला डोळा भिडवून ती दरडावत होती, "बोल की रं! येकलाच कसा आलास? माज्या यमूचे वाळे कुठं हायेत?"

आई गेली. टाक आता माझ्याकडे आहे. तो पाटात कसा आला, मला माहीत नाही. मी रोज धुतो, हात मात्र जोडत नाही. आई विचारायची तेवढं विचारतो.