सुधरला काय?

दौलतराव काळबांडे यांनी उभ्या आयुष्यात कुणाचा एक पैसा खाल्ला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मंगरूळात त्यांच्याबद्दल बोलताना पहिलं वाक्य हेच येतं आणि दुसरं कुणाला सुचत नाही. पैशाची त्यांना भूकच नव्हती. समोरचा माणूस वाकलेला दिसला की त्यांचं पोट भरायचं.

एकोणीसशेच्या दुष्काळात, बावीस वर्षांचे असताना, ते अन्नछत्रावर उभे राहिले. आंबिलीचा वाडगा हातात देण्याआधी ते प्रत्येकाकडून ‘देव भलं करो’ असं म्हणवून घेत. कुणाचं, ते सांगावं लागू नये अशा जागी ते उभे असत. अठरा सालच्या तापाच्या साथीत त्यांनी घरोघर औषध वाटलं. ते दारातून हाक देत आणि आजारी माणूस स्वतः उठून उंबऱ्याशी येईपर्यंत बाटली हातातच धरून ठेवत. जे उठू शकले ते वाचले. त्यांची नावं दौलतरावांनी लिहून ठेवली.

पुढे ते तालुक्याच्या बोर्डावर गेले, समाजाच्या बोर्डिंगाचे अध्यक्ष झाले, सुटून आलेल्या कैद्यांना काम लावून देणाऱ्या मंडळाचे चिटणीस झाले. माणूस चांगला होता, असं म्हणणारे शेकडो निघतील. त्यांतला प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलेला होता.

ते साठीला आले तेव्हा नवा कायदा लागू झाला होता. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला तुरुंगात न घालता वर्षभर कुणा भल्या माणसाच्या देखरेखीखाली सोडायचं. तालुक्यात भला माणूस शोधावा लागला नाही.

दौलतरावांनी हजेरीसाठी बाजाराचा दिवस ठरवला. त्यांचा ओटा बाजाराच्या वाटेवर होता. देखरेखीखालची माणसं पायरीवर बसत, जाणारे-येणारे बघत, आणि दौलतराव वही उघडून एकेकाला विचारत, “सुधरला काय?”

“सुधरलो, भाऊसाहेब.”

मग ते वहीत तसं लिहीत. शुद्ध लिहीत: ‘सुधारला’. एवढंच काम होतं. त्या माणसाला काम मिळालं का, त्याच्या घरी चूल पेटते का, हे कायद्यात विचारायला सांगितलं होतं. दौलतरावांना त्यात गोडी नव्हती.

पुंजाजी त्यांच्यापुढे आला तो अडतीसच्या कापसाच्या हंगामात. नथमल शेठच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तो हमाल होता. जिनातलं सरकीचं एक पोतं नाहीसं झालं आणि दोन दिवसांनी पुंजाजीच्या गोठ्यामागं सापडलं. तो म्हणाला, मी आणलं नाही. कोर्टानं ऐकून घेतलं आणि एक वर्षाची देखरेख दिली.

पहिल्या हजेरीला दौलतरावांनी विचारलं, “सुधरला काय?”

पुंजाजी पायरीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, “मी चोरीच नाई केली, भाऊसाहेब. मंग सुधरू कायच्यातून?”

रस्त्यावरची चार माणसं हसली. त्यात विष नव्हतं. बाजाराला निघालेली माणसं हसतात तसं ते होतं. पण चाळीस वर्षांत त्या ओट्यापुढं असं कुणी हसलं नव्हतं. दौलतरावांनी वहीत लिहिलं: ‘पश्चात्ताप नाही.’ दुसऱ्या आठवड्यालाही तेच लिहिलं. मग सांगून टाकलं, की तिसऱ्यांदा लिहावं लागलं तर वही कोर्टात जाईल आणि तू अकोल्याच्या तुरुंगात.

पुंजाजीची बायको मनकर्णा त्याला समजावून थकली.

“एक शब्द हाय. म्हनून टाका न.”

“तो शब्द म्हनला का पोतं म्याच आनलं.”

“आनलं तं आनलं. तुमी तिकडं गेले तं ह्या दोन पोरीईले घेऊन मी काय जिनात नाचू?”

“नाचशीन तं शेठ मजुरी तरी वाढोईन.”

ती हसली नाही. तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. भाकर मात्र थापून त्याच्यापुढं ठेवत राहिली.

तिसऱ्या हजेरीला पुंजाजी पायरीवर बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, “सुधरलो.”

“ऐकू नाही आलं. रस्त्याकडं तोंड कर.”

त्यानं तोंड वळवलं आणि पुन्हा म्हटलं. त्या दिवशी दौलतराव दोन घास जास्त जेवले. त्यांनी अकोल्याला लांबलचक अहवाल पाठवला, की एक निगरगट्ट चोर आपण तीन आठवड्यांत माणसांत आणला. वरचे साहेब खूश झाले. भाऊसाहेबांचा सत्कार करायचं ठरलं, आणि सुधारलेल्या माणसानंच त्यांना हार घालावा असंही ठरलं.

सत्काराला आठ दिवस उरले असताना जिनाचा चौकीदार गोविंदसिंग शेलूबाजारात सरकीचं पोतं विकताना धरला गेला. पहिलं पोतंही त्यानंच चोरलं होतं. लपवायला जागा म्हणून त्यानं पुंजाजीचा गोठा निवडला होता. नथमल शेठ स्वतः ओट्यावर आले.

“भाऊसाहेब, अपना पुंजाजी तो बेकसूर निकला. कोर्टाला लिहून टाका.”

दौलतरावांनी चष्मा पुसला. “लिहू. सत्कार होऊ द्या.”

“पण त्याचं नाव—”

“शेठजी, तो निर्दोष होता असं लिहिलं तर मी सुधारलं कुणाला?”

नथमल शेठ गप्प बसले. बाजारभर ही गोष्ट झाली आणि बाजारही गप्प बसला. पुंजाजीला ती तिसऱ्या माणसाकडून कळली. गाव असंच असतं. खरं काय ते सगळ्यांना माहीत असतं आणि हार मात्र वर्गणी काढून आणला जातो.

शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. अकोल्याचे साहेब मधल्या खुर्चीवर, शेठ पहिल्या रांगेत, मनकर्णा मागं बायकांत. पुंजाजीनं हार घातला. खाली उतरायला वळला तोच दौलतरावांना मोह आवरला नाही. साहेबांच्या कानावर तो शब्द पडायला हवा होता.

“पुंजाजी, सांग साहेबांना. सुधरला काय?”

पुंजाजी थांबला. त्यानं मागं मनकर्णाकडं पाहिलं. ती उभी राहिली होती.

“नाई, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “होतो तसाच हाओ.”

पटांगण हसलं. साहेबांनी विचारलं, हा काय म्हणतो? ते एकेका चेहऱ्याकडं बघत गेले. शेवटी त्यांची नजर नथमल शेठवर स्थिरावली, आणि शेठनं, दुसरा इलाज नसल्यामुळं, खरं सांगितलं. महिनाभरात कोर्टाचा कागद आला. पुंजाजीची देखरेख संपली आणि त्याच्या नावावरचा डाग पुसला गेला. दौलतरावांना कुणी काही बोललं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते पुन्हा वही घेऊन ओट्यावर बसले, आणि पुढची सात वर्षं बसत राहिले.

पंचेचाळीस साली ते वारले. सामान आवरताना त्यांच्या बायकोला, रुख्मिणीबाईंना, ती वही सापडली. पानापानांवर ‘सुधारला, सुधारला’ लिहिलेलं. पुंजाजीच्या नावापुढं तो शब्द दोन रेघांनी खोडला होता, आणि खाली त्याच वळणदार अक्षरात दुसरा लिहिला होता: ‘बिघडला’.

रुख्मिणीबाईंनी ते पान वाचलं आणि वही चुलीत घातली.