वानराचा पासपोर्ट आणि बंद माइक

समोरचा माणूस हूं की चूं करत नसेल, तर तुम्ही त्याला गोष्ट सांगाल? छातीवर हात ठेवून बोला. आमची अंबुया मायदेई, म्हणजे मायदेई आजी, तरी सांगत नाही.

इकडे आफ्रिकेत, साकुब्वाच्या बाजारात ती जुने कपडे विकते. गठ्ठा फुटला की चांगला कोट आधी तिच्या अंगावर, मग गिऱ्हाइकाच्या. चिहेरा आहे ती. या कुळातल्या बायका नवऱ्याचं ऐकत नाहीत, दुसऱ्या कुणाचं काय ऐकणार? टपरीवाल्यांच्या मोर्चात पुढारी मी, पण माझ्या घोषणा तिला बेचव वाटतात, म्हणून स्वतःच्या देते. त्याही यमकात.

गिऱ्हाईक नसलं की ती गोष्टी लिहिते. आमच्या शोना भाषेत. एका प्रकाशकाने त्या परत केल्या. "आजी, इंग्रजीत आणा. शोना कोण वाचतं?" मी तिथेच त्याची गचांडी धरणार होतो. अंबुया म्हणाली, "सोड रे. त्याच्या आईनं त्याला अंगाईसुद्धा इंग्रजीत म्हटली असेल." हसली खरी, पण पुढे कित्येक दिवस पेन हातात धरलं नाही.

मग आफ्रिकी भाषांतल्या साहित्याचा ऑनलाइन महोत्सव निघाला. ज्याची गोष्ट लोक शेवटपर्यंत ऐकतील त्याचं पुस्तक काढू, असं आयोजकांनी कबूल केलं. मीच तिचं नाव घातलं. "इथंही कुणी थांबलं नाही," अंबुया म्हणाली, "तर लिहिणं बंद. मी आणि माझे कोट."

शनिवारी दुपारी तिच्या टपरीत मझांजेच्या, म्हणजे रानफळांच्या, टोपलीला फोन टेकवला. राजधानी हरारेहून कुंदिसो नावाची मुलगी सूत्रं सांभाळत होती.

"पाइवापो," अंबुयाने सुरुवात केली. म्हणजे, एकदा काय झालं. यावर ऐकणाऱ्यांनी "झेपफुंदे" म्हणायचं, आणि पुढेही वाक्यावाक्याला म्हणत राहायचं. हा आमच्याकडचा हुंकार. तो आला नाही तर सांगणारा पुढचं वाक्य गिळतो.

फोन गप्प.

"पाइवापो!"

पुन्हा चिडीचूप. अंबुयाने कागद खाली ठेवले.

"सांगा ना अंबुया, आम्ही ऐकतोय," कुंदिसो म्हणाली.

"ऐकताय? मेल्यासारखे?"

"गोंगाट नको म्हणून सगळ्यांचे माइक बंद केलेत."

"मग तुझ्या भिंतीला सांग गोष्ट. मी भिंतींना सांगत नाही."

ऐकणाऱ्यांचा आकडा घसरायला लागला. पुस्तक हातचं चाललं होतं आणि ही बाई मझांजे सोलत बसलेली! माझं डोकं फिरलं. मी फोनवर ओरडलो, "अगं बाई, उघड ते माइक! गोष्ट आहे, मयत नाही!"

"पण दादा, नियम..."

"नियम गेला खड्ड्यात!"

अंबुयाने मला कोपराने बाजूला सारलं आणि बाजाराकडे तोंड करून हाक दिली, "पाइवापो!"

"झेपफुंदे!" टोमॅटोवाल्या, शिंपी, चपला शिवणारे, सगळे एका दमात. कुंदिसो आधी दचकली, मग हसत सुटली. तिने माइक उघडले.

आणि काय आवाज आले म्हणता! लंडनहून झेपफुंदे, जोहान्सबर्गहून झेपफुंदे, कुठे कोंबडा, कुठे तान्हं पोर. नेटमुळे काही हुंकार उशिरा पोचायचे. अंबुया शेवटचा येईपर्यंत थांबायची, मगच तिच्या गोष्टीतला वानर पासपोर्टच्या रांगेत एक पाऊल पुढे सरकायचा.

तिचा वेळ संपला. पुढे बिंगाच्या एका तोंगा भाषेतल्या कवीचं वाचन होतं. कुंदिसो चाचरत म्हणाली, "अंबुया, आता ते..."

"माझा वेळ आजीला द्या," कवी मधेच म्हणाला. "वानराला पासपोर्ट मिळतो का, ते कळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही!"

मिळाला. त्यावर फोटो मात्र पासपोर्ट कचेरीतल्या साहेबाचा निघाला, आणि विमानतळावर कुणाला फरक कळला नाही.

आकडा सुरुवातीपेक्षा वर गेला होता. पुस्तक निघालं. अंबुया ते कोटांच्या ढिगावर ठेवते आणि गिऱ्हाइकाकडून एक झेपफुंदे घेतल्याशिवाय देत नाही.

तेव्हा एवढं करा. तुमच्या भाषेतली कुणी बाई उद्या फोनवर गोष्ट सांगायला बसली, तर माइक उघडा आणि हुंकार द्या. शेजाऱ्याला ऐकू जाईल असा.