कच्ची गोळी

वाळलेली गोळी चिमटीत धरायची, कानाजवळ नेऊन दाबायची आणि म्हणायचं, "कच्ची हाय." आमच्या थाळीवाल्या मामांचं हे रोजचंच. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्या तोंडून शाबासकी निघता निघत नाही.

जालन्याबाहेरच्या त्या खताच्या कारखान्यात मी हमाल म्हणून लागलो, ती सत्तर सालानंतरची गोष्ट. शेडमध्ये एक तिरपी लोखंडी थाळी दिवसभर फिरायची. तिच्यात दगड दळून केलेल्या खताची पिठासारखी भुकटी पडायची आणि मामा वरून पाण्याचा फवारा धरायचे. भुकटी लोळत लोळत ज्वारीएवढी गोळी व्हायची, मग भट्टीवर वाळायची. पाणी जास्त झालं की चिखल, कमी पडलं की नुसती धूळ. ती धूळ मामांच्या मिशांवर बसली होती, छातीतही बसली होती. खोकल्याची उबळ आली की ते खांबाला धरून उभे राहत.

मालकांनी सांगून ठेवलं होतं, थाळीवर दुसरा माणूस तयार करा, मग तुम्हाला फाटकावर बसवतो. फाटक म्हणजे मोकळी हवा. नोकरीच सोडावी तर आवारातली खोली जाणार, आणि खोलीत मामी आणि मुली. तरी मामांनी आधीच्या दोघांना कच्चं ठरवलं. मग माझी पाळी आली. पगार बरा होता, मला ती जागा हवीच होती. मी जीव ओतून शिकलो.

मालकांसमोर मामांनी माझी गोळी हातात घेतली, दाबली, आणि तिचा चुरा झाला. मला ट्रकवर पाठवलं. माझा तिळपापड झाला. संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन भांडलो.

मामांनी खिशातून एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुही. पक्की हाय. मालकासमोर मी मुठीत लपवलेली दुसरी, अर्धी ओली फोडली. माझ्या उस्तादानं मला पक्का म्हनलं अन् सुटला. तव्हापासून मी इथं धूळ खाऊन राह्यलो. तू जाय."

"अन् तुमचं फाटक, मामा?"

"मंग बघू."

मी क्लीनर झालो, पुढे ड्रायव्हर. शहागडच्या पुलावर गोदावरीचा वारा लागला की मामा आठवायचे, आणि त्यांचा रागही यायचा. स्वतःला सोडवायचं सोडून हा माणूस आम्हाला सोडवत बसला.

एकदा खत भरायला गेलो तर थाळी बंद होती. मामा गेले होते आणि मामी खोली रिकामी करत होत्या. मी पाकिटात जपलेली ती गोळी काढली, चिमटीत धरली आणि होता नव्हता तो जोर लावला.

फुटली नाही.