टॉफीची झांकी

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या घरात एक पाल अधिकृतपणे दाखल झाली. त्या वेळी हजर होतो ते असे: मी, माझी बायको सुमन, मस्कतहून आलेला तिचा धाकटा भाऊ शरद आणि शरदची दहा वर्षांची मुलगी केतकी. पालीच्या खर्चासाठी शरदनं माझ्या हातात पाचशे रुपये ठेवले. (अनधिकृत पाली आमच्या घरात आधीच तीन होत्या. त्यांच्यासाठी आजवर कुणी एक पैसा दिला नव्हता.)

पाल दीड फूट लांब होती. अंगावर काटे, गळ्याखाली काट्यांचीच दाढी. ती विमानातून इंदूरपर्यंत कशी आली हे मी विचारलं नाही आणि शरदनं सांगितलं नाही. दोघांनाही रात्री शांत झोप हवी होती.

"काका, ही पाल नाहीये. बिअर्डेड ड्रॅगन आहे," केतकी म्हणाली. "नाव टॉफी."

"दाढी असली तरी पालच ना ग ती," सुमन ओट्याला पाठ लावून म्हणाली. "मी हिला हात लावणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"तू नकोच लावू आत्या. काका सांभाळणार आहेत."

हे वाक्य माझ्या दृष्टीनं फार मोठं होतं. मिल बंद होऊन आठ महिने झाले होते. बावीस वर्षं मी तिथे हिशेब खात्यात होतो आणि घरी बसल्यापासून माझ्यावर कुणी काही सोपवलं असेल, तर ते गव्हाचं दळण. आता एक जिवंत प्राणी सोपवला जात होता. बापलेक दहा दिवस पुण्याला लग्नाला चालले होते, आणि तिथल्या घरात मांजर होतं. मी तत्काळ होकार दिला.

केतकीनं मला काचेच्या पेटीपुढे उभं करून सगळं पाठ करून घेतलं. पेटीचा एक कोपरा गरम, चाळीस डिग्री. दुसरा कोपरा थंड, पंचवीस. म्हणजे टॉफी स्वतःच ठरवेल कुठे बसायचं ते. वर एक खास ट्यूब, उन्हातल्या किरणांसारखा उजेड देणारी. रात्री सगळं बंद. खायला मेथी, गाजर आणि रोज चारपाच किडे.

"गरम नाही झाली ना काका, तर ती खात नाही. आणि खाल्लं नाही तर..."

पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. मीही करू दिलं नाही.

"जिजाजी, नाही जमलं तर फोन करा हं," शरद जाता जाता म्हणाला.

"बावीस वर्षांत ताळेबंद एकदाही चुकला नाही माझा," मी म्हणालो. त्याचा पालीशी काय संबंध, हे तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

दोन दिवस उत्तम गेले. पण आमच्या मोहल्ल्यातली वीज दिवसभर लाजत यायची आणि संध्याकाळी एकदम अंगावर धावून. तिसऱ्या संध्याकाळी ती अशी काही धावली, की गरम कोपऱ्यातला दिवा आणि वरची खास ट्यूब एकाच वेळी 'टिक' म्हणाले आणि संपले. मी सायकल काढून सियागंजचा बाजार गाठला.

"सूरज जैसी किरण देने वाली ट्यूब है क्या?" मी दुकानदाराला विचारलं.

"किसके लिए, भिया?"

"छिपकली के लिए."

"भगाने की?"

"नहीं. सेंकने की."

दुकानदारानं हातातला चहा खाली ठेवला आणि आत तोंड करून शांतपणे सांगितलं, "सुनो रे, इनको छिपकली सेंकनी है." आतून तीन माणसं मला पाहायला बाहेर आली. किरणांची ट्यूब मिळाली नाही. शंभर वॉटचा एक साधा बल्ब घेऊन परत आलो.

बल्ब लावला आणि तापमान बघायला घरातला तापाचा थर्मामीटर गरम कोपऱ्यात ठेवला. तो बेचाळीसपर्यंतच असतो, हे मला माहीत होतं. बल्बाला मात्र माहीत नव्हतं. पाच मिनिटांत थर्मामीटर फुटला. टॉफी थंड कोपऱ्यात काचेला नाक लावून बसली आणि गाजराकडे तिनं पाहिलंही नाही.

इथे सुज्ञ माणसानं पुण्याला फोन केला असता. मी शंकररावांना बोलावलं.

शंकरराव आमच्या मिलचे इलेक्ट्रिशियन. पण मिलमध्ये त्यांना ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलांच्या झांक्या निघतात. गाड्यांवर हलते देखावे, हजारो दिवे, आणि पाहायला रात्रभर रस्त्यावर अख्खं शहर. आमच्या झांकीचे दिवे शंकररावांचे असत. यंदा मिलच नव्हती, तर झांकी कुठली. मिल बंद झाल्यापासून शंकररावांनी एक बल्ब लावला नव्हता.

ते पिशवी घेऊन आले, पेटीसमोर मांडी घालून बसले आणि बराच वेळ टॉफीकडे बघत राहिले.

"विषय काय आहे, साहेब?"

"विषय कसला? पाल आहे."

"पाल तर पात्र झालं. झांकीला विषय पाहिजे ना. विषयाशिवाय लाइट कुठून मारायची?"

"शंकरराव, मला फक्त एक कोपरा गरम हवाय."

"तो तर होऊनच जाईल," ते म्हणाले. एखाद्या वास्तुशिल्पकाराला पायपुसण्याबद्दल विचारावं, तसा त्यांचा चेहरा झाला. "वाळवंटात सूर्योदय करू. पात्र वाळवंटातलंच दिसतंय."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आठ महिन्यांत मी त्यांना इतकं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "बरं. पण साधंच करा."

साधं म्हणजे असं: मागे पुठ्ठ्याचा सूर्य. त्याच्यामागे लाल कागद लावलेला बल्ब. त्याच्यापुढे पंख्याच्या मोटरवर फिरणारी भोकांची चकती, म्हणजे किरण हलत राहतात. कडेनं पळत्या दिव्यांची माळ, लाल, हिरवी, पिवळी. हे सगळं चालू झालं तेव्हा टॉफीनं दाढी फुगवली, ती काळी केली आणि तोंड उघडून ताठ उभी राहिली.

"बघा," शंकरराव म्हणाले, "काम पसंत आहे पात्राला."

दुसऱ्या संध्याकाळी मोहल्ला जमला. पहिल्यांदा शेजारचे दोघं, मग मागच्या गल्लीतले, मग ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो ते. खजरान्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन आलेल्या एका बाईंनी पेटीपुढे लाडू ठेवला आणि हात जोडले. गर्दी फार झाली म्हणून मी दारात उभा राहून रांग लावली. एका वेळी पाच जण आत, डावीकडून यायचं, उजवीकडून जायचं. (माझी व्यवस्था चोख होती. हे शंकररावांनीही मान्य केलं.)

फक्त टॉफी खात नव्हती. मेथी नाही, गाजर नाही. केतकीनं देऊन ठेवलेले किडे संपले होते. मला वाटलं, तिला किडेच हवे असतील. आमच्या स्वयंपाकघरात सुमनच्या कृपेनं झुरळ नावालाही नाही, म्हणून मी शेजारी मागायला गेलो.

"वहिनी, तुमच्याकडे झुरळं असतील ना थोडी?"

"आमच्याकडे?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "असं का वाटलं तुम्हाला?"

चार घरी हाच प्रश्न विचारला. एका संध्याकाळी चार घरांशी आमचं बोलणं बंद झालं आणि झुरळ एकही मिळालं नाही.

"तिचा रंग बघितलात का?" सुमन त्या रात्री जेवताना म्हणाली. "काळी पडलीये नुसती. हलत नाहीये."

"विश्रांती घेत असेल."

"हो का? तुमच्या डोळ्यांपुढे रात्री साडेदहापर्यंत लाल-हिरवं नाचवलं तर तुम्ही घ्याल विश्रांती? जगली नाही तर त्या पोरीला काय सांगणार आहात?"

मला भीती वाटत होती. ती मी भाजीबरोबर गिळली.

पुढच्या संध्याकाळी सात वाजता शंकररावांनी माळेला आणखी एक माळ जोडली आणि आमचा फ्यूज गेला. पाठोपाठ खांबावरचा गेला. आमची पूर्ण गल्ली काळोखात बुडाली. डिसेंबरची थंडी होती. शंकरराव खांबाकडे धावले. मी बॅटरी मारून पाहिलं, तर टॉफी वाळूवर चपटी पडलेली. हात लावला, तर दगडासारखी गार.

"सरका," सुमन म्हणाली.

मी हिला हात लावणार नाही, असं सांगून ठेवणाऱ्या त्या बाईनं पालीला दोन्ही हातांनी उचललं, पदरात घेतलं, चुलीवर पाणी ठेवलं, रबरी पिशवीत भरलं, आणि पिशवी, शाल व पाल असं सगळं मांडीवर घेऊन बसली. मी विचारलं, "मी काय करू?"

"बाहेर जाऊन लोकांना सांगा, घरी जा म्हणावं."

सकाळी ती टॉफीला गच्चीवर घेऊन गेली. तिथला पत्रा उन्हानं चांगला तापलेला होता. सुमन शेजारी बसून फुलगोभी निवडायला लागली. अर्ध्या तासानं काळा रंग उतरला. एका तासानं टॉफी पिवळसर झाली. सुमननं गोभीतली एक हिरवी अळी काढून बाजूला टाकली आणि ती पत्र्यावर पडायच्या आत नाहीशी झाली.

"अग बाई," सुमन म्हणाली, आणि गोभी उलगडून पुढची अळी शोधायला लागली.

त्या दिवसापासून ती भाजीवाल्याला सांगायला लागली, "भिया, कीडे वाली गोभी देना." त्यानं ती फुकट दिली. एका बाजूला तापलेला पत्रा, दुसऱ्या बाजूला टाकीची सावली. केतकीनं मला पाठ करायला लावलेलं सगळं गच्चीवर आधीपासून मांडून ठेवलेलं होतं, आणि तिथे बल्ब एकही नव्हता. ऊन गेलं की टॉफी सुमनच्या शालीत.

मी शंकररावांना म्हणालो, "आता झांकी बंद करू या. पात्र वर राहायला गेलंय."

"साहेब, लोक येतायत ना पण," ते म्हणाले. त्यांनी हे असं म्हटलं, की मी पुन्हा दारात रांग लावायला तयार झालो. संध्याकाळी त्यांनी एक रबरी पाल आणली, तिच्या मानेत तार घातली आणि चकतीच्या मोटरला जोडली. पाल मान हलवायला लागली. गर्दी वाढली. "कालच्यापेक्षा आज तब्येत चांगली दिसतेय," असं दोघांनी मला दारात थांबून सांगितलं.

रबरी पालीच्या चौथ्या संध्याकाळी रांग बाहेर फाटकापर्यंत गेली होती. कुणीतरी माझ्या कोपराखालून आत घुसायला लागलं.

"बेटा, लाइन से," मी न बघता म्हणालो.

"काका, मी केतकी."

ती आत गेली. मागे बॅगा घेऊन शरद. पुठ्ठ्याचा सूर्य उगवत होता, दिवे पळत होते आणि मधोमध रबरी पाल हो हो करत मान हलवत होती. केतकी ओरडली नाही. तिनं पेटीच्या काचेवर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "टॉफी मेली का?"

बावीस वर्षांत इतका कठीण प्रश्न मला कुठल्याही ऑडिटरनं विचारला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून सुमनचा आवाज आला.

"हळू बोल ग. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

सुमन दारात आली. शालीतून खांद्यावर एक दाढी बाहेर आलेली होती. केतकीनं टॉफीला घेतलं, पोट चाचपलं, शेपूट चाचपली, एक डोळा उघडून पाहिला.

"आत्या, ही जाड झालीये."

"गच्चीवर ऊन आहे, गोभीत अळ्या आहेत. आणखी काय लागतं?"

"आणि काकांनी काय केलं?"

सुमननं प्रामाणिकपणे विचार केला. "लाइन लावली," ती म्हणाली.

शरद इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. मग त्यानं झांकी डोळे भरून पाहिली, दोनदा चालू-बंद करायला लावली आणि शंकररावांच्या हातात दोनशे रुपये ठेवले. शंकररावांनी ते कपाळाला लावले. झांकीवाल्यांची पद्धत अशी, की काम संपलं की ज्यानं ज्यानं हात लावला त्याचा त्याचा वाटा तिथेच उभ्या उभ्या द्यायचा. त्यांनी वीस रुपये वेगळे काढले आणि माझ्यापुढे धरले.

"हे कशाचे, शंकरराव?"

"लाइनचे, साहेब. रबरी पाल आल्यापासून चार दिवस, रोजचे पाच."

मी हिशेब मनात पडताळला. बरोबर होता. मिल बंद झाल्यानंतरची माझी ही पहिली कमाई: रबरी पाल पाहायला आलेल्या लोकांना डावीकडून आत घेऊन उजवीकडून बाहेर काढल्याबद्दल, रुपये वीस फक्त. मी ते घेतले, आणि सवयीनं पावती लिहून दिली.